आकाशातील वाट आणि राज्यांची नाती

हेलसिंकी आणि टोकियो यांमधील अंतर पृथ्वीच्या गोलावर मोजले, तर ते सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. फेब्रुवारी २०२२ पर्यंत फिनलंडचे विमान सैबेरियावरून उडत हे अंतर साडेनऊ तासांच्या आसपास कापीत असे. त्यानंतर याच प्रवासाला सुमारे १३ तास लागू लागले. शहरे जागची हलली नाहीत, विमानाचा वेगही घटला नाही. बिघडली ती राज्यांची नाती.

रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने ३६ देशांच्या विमानकंपन्यांना तसेच उत्तर दिले. फिनलंडच्या विमानांपुढे दोनच वाटा उरल्या : उत्तर ध्रुवावरची, नाही तर दक्षिणेकडून वळशाची. १९८३ साली सोव्हिएत प्रदेश टाळून ध्रुवावरूनच टोकियोची थेट सेवा सुरू झाली होती. चार दशकांनी पुन्हा तीच वाट धरावी लागली.

युक्रेनच्या जनतेने सोसलेल्या हानीपुढे हे साडेतीन तास क्षुल्लकच होत. तथापि त्यातून मिळणारा आर्थिक धडा क्षुल्लक नाही. युरोप व आशिया यांमधील जवळची वाट आपल्या दारावरून जाते, या भरवशावर फिनलंडने आपला विमानव्यवसाय उभारला. वळसा पडताच इंधन वाढले, वैमानिकांचे तास वाढले आणि त्याच विमानाच्या फेऱ्या घटल्या. चिनी कंपन्या मात्र रशियावरून उडत राहिल्या. त्यांना ही सवलत कोणत्याही कार्यक्षमतेवाचून लाभली.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राज्याला आपल्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व दिले. न उतरता वरून जाण्याची मुभा देणारा वेगळा करार त्याच वेळी झाला. रशिया त्यात सामील नाही. मग सर्वांनी त्यावर सही केली की प्रश्न सुटेल काय? भारत व पाकिस्तान दोघेही त्या कराराचे सभासद आहेत. तरीही १९७१ च्या फेब्रुवारीत, विमान अपहरणानंतर, भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले आणि पाकिस्तानच्या दोन भागांतील विमानांना सिलोनचा वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांची वाट अडविली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांवर तशीच पाळी आली.

म्हणून करार व्यापक करणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने भागणार नाही. सुरक्षिततेसाठी आकाश बंद करणे आणि दबावासाठी बंद करणे यांत भेद करणारी, आणि त्याचा निवाडा त्वरेने देणारी आंतरराष्ट्रीय यंत्रणा हवी. ती उभी राहीपर्यंत कोणत्याही राष्ट्राने नकाशावरील जवळीक आपल्या भांडवलात धरू नये. ते भांडवल शेजाऱ्याच्या ताब्यात असते.