हलतंय ना? मग झालं!

रविवारी पहाटे सव्वापाचला उठणारी माणसं पुण्यात दोनच प्रकारची. एक सिंहगडवाली आणि दुसरी मॅरेथॉनवाली. गेले दोन हिवाळे मी तिसऱ्या प्रकारात मोडतेय. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर एक विमान झोपलेलं असतं. धड वेगळं, पंख वेगळे, मध्ये आईची जुनी चादर. शेजारच्या सीटवर आमच्या ग्रुपमधला मेकॅनिकलवाला, मांडीवर रिमोट घेऊन. त्याला रिमोट म्हटलेलं आवडत नाही. 'ट्रान्समीटर म्हण,' असं तो दर रविवारी सांगतो.

चेलाडी फाट्यावर चहाला थांबलं की ठरलेला सीन. कुणीतरी काचेतून आत डोकावतं.

'ड्रोन हाय का?'

'नाही हो, विमान आहे. रिमोटचं.'

'माणूस बसतो का त्यात?'

'नाही.'

'मग कशाला एवढं?'

बॉस, या प्रश्नाचं उत्तर मला अजून माझ्या आईलाही देता आलेलं नाही.

भोर तालुक्यातलं नसरापूर मागे पडलं, बनेश्वरला गाडीतूनच हात जोडले, की रस्ता हळूहळू डोंगरांच्या कुशीत शिरतो. मार्गासनी आलं म्हणजे आपण वेल्ह्यात. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच. एकीकडे राजगडाचा बालेकिल्ला, दुसरीकडे 1403 मीटर उंचीचा तोरणा, आणि खाली भाताची खाचरं. या खाचरांसाठीच आम्ही इतक्या लांब येतो. नोव्हेंबरात कापणी उरकली, झोडणी झाली, पेंढा रचून झाला, की खाचरं रिकामी. ज्यांच्याकडे पाणी आहे ते हरभरा किंवा गहू करतात. ज्यांच्याकडे नाही त्यांची जमीन पावसापर्यंत पडून. आम्ही जातो त्या आबांची चार खाचरं ओळीने आहेत आणि मधले बांध बुटके. धसकटांत चाकं अडकतात, म्हणून आमच्या विमानाला चाकं नाहीतच. हातानं फेकायचं आणि पोटावर उतरवायचं. पोटाला सनबोर्ड लावलाय, निवडणुकीच्या बोर्डातून कापलेला. कोणत्या पक्षाचा ते सांगत नाही.

पुण्यातच का नाही उडवत? उडवून बघा! लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, खडकवासल्याला एनडीए, आणि उरलेल्या आभाळाखाली सोसायट्या. 2021 साली आलेल्या ड्रोन नियमांमध्ये रिमोटवरची मॉडेल विमानंही येतात. नकाशावर लाल, पिवळा आणि हिरवा असे झोन आहेत. हिरव्या झोनमध्ये 400 फुटांपर्यंत उडवता येतं. आमचं विमान सव्वा किलोचं, म्हणजे 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोच्या आत. या वजनाचं विमान पैसे कमावायला नाही, नुसतं हौसेखातर उडवायचं असेल तर पायलटचं लायसन्स लागत नाही. पण निघण्याआधी 'डिजिटल स्काय'चा नकाशा बघायचा, आणि पोहोचल्यावर गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घालायचं, हे आम्ही न चुकता करतो. गडावरून उडवलं तर काय सॉलिड रील होईल, असं प्रत्येक नवीन पाहुणा म्हणतो. नाही. 2025 मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेलाय. तिथे चढून घाम गाळा, फोटो काढा, विमान खालीच ठेवा.

आता खरी गंमत. उड्डाण आठ मिनिटांचं, पण त्याची तयारी शुक्रवारी रात्री सुरू होते. मी मास कॉमवाली, फिजिक्सशी दहावीनंतर बोलचाल नव्हती. तरी एक फंडा डोक्यात पक्का बसलाय, तो म्हणजे तोल. दोन बोटांच्या टोकांवर विमान उचलायचं, बोटं पंखाखाली, पुढच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावर. आमच्या पंखाची रुंदी 23 सेंटीमीटर, म्हणून बोटं 7 सेंटीमीटरवर. विमान सपाट राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची आणि परत उचलायचं. शेपूट जड राहिलं की हवेत नाक वर जातं, वेग मरतो, आणि मग पंख हवा धरायचंच सोडून देतात. त्यानंतर तुम्ही कितीही आदळआपट करा, विमान ऐकत नाही.

दुसरी भानगड बॅटरीची. तीन सेलची लिपो. फुल चार्ज झाली की सेलमागे 4.2 व्होल्ट, म्हणजे एकूण 12.6. सेलमागे साडेतीनच्या आसपास आलो की गुपचूप खाली उतरायचं. ही बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचं नाही. मोबाइलची सवय असते ना आपल्याला! लिपो बिघडली तर फुगते, पेटही घेऊ शकते. आमच्याकडे ती बाल्कनीत, फरशीवर, मातीच्या कुंडीत बसून चार्ज होते. त्या कुंडीतली तुळस कुठे गेली, असं आई अधूनमधून विचारते.

मग स्क्रू, बिजागऱ्या, सर्व्होंच्या तारा. सर्व्हो म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान मोटर, नऊ ग्रॅमची. तुम्ही स्टिक हलवली की ती पंखाच्या मागची पट्टी वर-खाली करते. या पट्ट्यांना एलेरॉन म्हणतात. विमान कोणत्या कुशीवर वळणार, हे त्या ठरवतात. नाकावर दहा इंची पंखा, पूर्ण जोरात मिनिटाला आठ हजारांच्या आसपास फेरे. दिसतो खेळण्यासारखा, पण बोटाला ओळख दाखवत नाही.

हे एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षीचा डिसेंबर.

त्या रविवारी ऑफिसातले चार जण 'बघायला' आले होते. नसरापूरला मिसळ ठरली होती, उशीर झाला होता, ऊन वर आलं होतं. चारही मोबाइल तयार. आदल्या रात्री मेकॅनिकलवाल्याने तोच ट्रान्समीटर लॅपटॉपला जोडून सिम्युलेटरवर दुसरंच विमान उडवलं होतं. एका ट्रान्समीटरच्या मेमरीत अनेक विमानांची सेटिंग्ज राहतात. त्या दुसऱ्या विमानाचे एलेरॉन आमच्यापेक्षा उलटे सेट केलेले, आणि मेमरी तशीच राहून गेली होती. स्क्रीनवर नाव दिसत होतं. मी बघितलं नाही. चूक माझीच, कारण उडवणार मी होते.

चेक केलं नाही असंही नाही. तीस पावलं लांब जाऊन रेंज तपासली. स्टिक हलवली.

'हलतंय ना?' मी ओरडले.

'हलतंय!' तिकडून उत्तर.

मग झालं! त्याने फेकलं.

हातातून सुटताच डावा पंख जरासा खाली गेला. असं होतंच. मी उजवीकडे स्टिक दिली. विमान आणखी डावीकडे कललं. मी आणखी उजवीकडे दिली. आता माझं डोकं काय सांगणार? वारा आहे, अजून दे! दोन सेकंदांत विमान पुरतं वळलं आणि सरळ बांधाकडे निघालं. बांधावर आबांची नात आणि तिच्या दोन मैत्रिणी बोरं खात बसल्या होत्या.

'थ्रॉटल! थ्रॉटल बंद!'

केला. नाक खाली गेलं आणि विमान बांधाच्या दोन हात अलीकडे धसकटांत घुसलं. राइट बंधूंचं 17 डिसेंबर 1903 चं पहिलं उड्डाण 12 सेकंद टिकलं होतं. आमचं चारही नाही. नाक चेपलं, बॅटरी बाहेर उडाली, पोरी किंचाळून पळाल्या आणि मग हसायला लागल्या. चार मोबाइलांपैकी एकावर हे सगळं आलंय. मी ते पूर्ण कधीच बघितलेलं नाही.

पंख्याचं एक पातं सापडेना. आबांना सापडलं. पोरी बसल्या होत्या त्याच्या मागे, बांधापलीकडे. त्यांनी ते आणून माझ्या हातात दिलं.

'ताई, हे पोरीच्या डोळ्यात गेलं असतं तर?'

आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच बोलून ते पेंढ्याकडे निघून गेले. त्या दिवशी मिसळ कुणीच खाल्ली नाही.

महिनाभर आम्ही तिकडे फिरकलो नाही. जानेवारीत गेलो ते विमान न घेता, नुसतं भेटायला. आबा ओसरीवर होते. चहा आला. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, 'मला काय सांगता, तिला सांगा.' नात दाराआड उभी होती. पाचवीत आहे. तिला माफीबिफीशी काही देणंघेणं नव्हतं. तिने एकच विचारलं, 'पडलं कशानं?'

मेकॅनिकलवाल्याने समजावलं. इंजिनिअर लोक समजावतात तसं, चॅनल, रिव्हर्स, मेमरी. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, 'म्हंजी उजवीकडं म्हटलं आन् डावीकडं गेलं.'

बास. दोन वर्षांत एवढी साधी व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती.

आबांनी परवानगी दिली, पण अटीवर. उडवणाऱ्याच्या पाठीमागे सगळे, पुढे कुणी नाही. बांधावर कुणी बसणार नाही. आणि विमान फेकायच्या आधी नात बघणार.

तेव्हापासून हा कार्यक्रम असा असतो. थ्रॉटल शून्यावर, आधी ट्रान्समीटर सुरू, मग बॅटरी. बंद करताना उलट, आधी बॅटरी, मग ट्रान्समीटर. स्क्रीनवरचं विमानाचं नाव मी मोठ्याने वाचते. मग ती विमानाच्या मागे उकिडवी बसते. मी स्टिक उजवीकडे देते. उजवी पट्टी वर गेली पाहिजे, डावी खाली. 'उजवं बराबर!' मग डावीकडे. मग स्टिक मागे ओढते, शेपटीची पट्टी वर उठली पाहिजे. 'हलतंय' हा शब्द तिच्याकडे चालत नाही. कुठे हलतंय ते सांगायचं.

या रविवारी वारा अगदी मंद होता. ती चिमूटभर माती सोडून बघते, आम्ही वाऱ्याच्या तोंडाकडे फेकतो. आठला पहिलं उड्डाण. एकदा पन्नासेक मीटरवर गेलं की विमानाचा आवाज मधमाशीएवढा होतो, आणि तुमच्या डोक्यातली ऑफिसची मेल, अप्रेझल, घरभाडं, सगळं जाम शांत होतं. शांत व्हावंच लागतं, कारण विमान तुमच्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. ते लांब जात असतं तेव्हा त्याचं उजवं ते तुमचं उजवं. समोरून येताना त्याचं उजवं ते तुमचं डावं. नवशिक्यांची निम्मी विमानं इथेच संपतात. युक्ती सोपी आहे. समोरून येताना जो पंख खाली पडलेला दिसतो, स्टिक त्याच बाजूला द्यायची, त्याला खालून टेकू दिल्यासारखी. विचार करत बसलात तर गेलात.

दहाच्या पुढे आम्ही उडवत नाही. उतार तापले की खोऱ्यात वारा कुठूनही उठतो, आणि डोंगराच्या आडोशाला तर तो खालीच दाबतो. घारी मात्र तेव्हाच येतात. परवा एक आमच्या विमानाशेजारून पंख न हलवता वर चढून गेली. आम्ही थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून होतो आणि ती फुकटात. आबा खूश. 'तिला चार्जिंग लागत न्हाई,' म्हणाले.

उतरताना मात्र पहिल्यासारखं मोकळं राहिलेलं नाही. पूर्वी आम्ही शेजारच्या खाचरांवरून लांबून, हळूहळू खाली यायचो. यंदा तिथे सिमेंटचे खांब, तारेचं कुंपण, लोखंडी गेट आणि प्लॉटचे नंबर. विजेची एक लाइनही आलीय. हे प्लॉट घेणारे कोण? तुमच्या-माझ्यासारखेच, वीकेंडला राजगड दिसणारं घर हवं असणारे. मलाही अशा 'साइट व्हिजिट'चे मेसेज येतात आणि खरं सांगते, मी दोनदा किमती बघितल्यात. आबांनाही फोन येतात. ते विकणार का, हे आम्ही विचारत नाही. त्यांची जमीन, त्यांचा हिशोब. मेकॅनिकलवाल्याने दुसरा पर्याय शोधून ठेवलाय. भोरकडचं भाटघर धरण 1928 सालचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याच्या काठाला मोकळी जमीन उघडी पडते. पण ती मे महिन्यापुरती, आणि तिथे विमानाच्या मागे उकिडवं कोण बसणार?

बॅटऱ्या संपल्या, पंख सोडवले, चादर गुंडाळली. नात गाडीपाशी आली.

'मला कधी देणार उडवायला?'

मेकॅनिकलवाल्याकडे एक केबल आहे. दोन ट्रान्समीटर एकमेकांना जोडायचे, शिकणाऱ्याने उडवायचं, आणि गडबड झाली की शिकवणाऱ्याने एक बटण सोडून ताबा परत घ्यायचा. मी आबांकडे बघितलं. आबा पेंढ्याकडे बघत होते.

'बांधाकडं न्हाई न्यायचं,' ते म्हणाले.

पुढचा रविवार ठरलाय. तिच्या शाळेचं गॅदरिंग नसेल तर.