दोष माणसात की दारात?

लोकलमधून माणूस पडला की बातमीत ठरलेले वाक्य येते, ‘तोल जाऊन मृत्यू’. तोल प्रवाशाचा गेला, म्हणजे चूकही त्याचीच! पूर्वी गरिबाने आपल्या दारिद्र्याचे कारण विचारले की त्याला मागच्या जन्मीचे कर्म दाखवले जाई. बाबासाहेबांनी ती लबाडी उघडी पाडली. आज तीच लबाडी रुळांवर चालू आहे.

बदलापूर ते सीएसएमटी अंतर सुमारे ६८ किलोमीटर. अंबरनाथचा कामगार किंवा उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवरून विठ्ठलवाडी स्थानक गाठणारी घरकाम करणारी भगिनी हौसेने दारात उभी राहत नाही. आत जागा नसते आणि गाडी सोडली तर खाडा पडतो. एवढ्या गर्दीच्या साध्या लोकलचे दार धावत्या गाडीतही उघडेच असते. कारण दार लावले तर आत हवा येत नाही. हवा हवी की जीव, असा प्रश्न प्रवाशाला विचारणारा डबा हा सदोष डबाच होय. तो दैवाने घडवलेला नाही. कोणीतरी त्याचा आराखडा काढला, कोणीतरी त्यावर सही केली.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले. किमान चार जण दगावले. त्यानंतर काही दिवसांतच रेल्वेने नवा आराखडा जाहीर केला. बंद होणारी दारे, दारांना हवेसाठी झडपा, छतावरून हवा आत घेणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची वाट. उपाय इतका साधा होता, तर त्यासाठी माणसे मरण्याची वाट का पाहिली? फलाटाच्या पोकळीचेही तेच झाले. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एका तरुणीने दोन्ही हात गमावले, मग उच्च न्यायालयाने कान उपटले आणि फलाटांची उंची वाढू लागली. आमच्या अंबरनाथमध्येच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. आधी नमुना बनवा, तपासा, मगच माल काढा, हे तिच्या नावातच आहे. गरिबाच्या बाबतीत मात्र तपासणी त्याच्या देहावर होते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार वस्तूच्या आराखड्यातील दोषालाही उत्पादक जबाबदार असतो. बाजारातल्या मिक्सरला जो न्याय, तो लाखोंना वाहणाऱ्या डब्याला का नको? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितले की, गाडीत चढता-उतरताना मृत्यू वा दुखापत झाली तर केवळ प्रवाशाचा निष्काळजीपणा दाखवून रेल्वेला भरपाई नाकारता येणार नाही. मृत्यू झाल्यास ही भरपाई ८ लाख रुपये आहे. रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘चूक त्याचीच होती’ या शब्दांना भुलून आपली कुटुंबे दावाच करत नाहीत, हे थांबले पाहिजे.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले, दुःखिताला दोष द्यायला नव्हे. म्हणून प्रत्येक अपघाताच्या चौकशीत दार, फलाट आणि गर्दी यांची नोंद झालीच पाहिजे. बंद दाराची गाडी साध्या तिकिटात मिळाली पाहिजे. जुन्या गाड्या केव्हा बदलणार, याची तारीख रेल्वेने जाहीर करावी. सुरक्षित दार ही वातानुकूलित तिकीट परवडणाऱ्यांची मक्तेदारी नव्हे. तो प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, आणि हक्क मागून नव्हे, संघटित होऊनच मिळतात.