उतरण्याची परवानगी कोणाची?

पॅसिफिक महासागरातल्या क्रूझ विकताना 'दुर्गम बेटे' हे शब्द हमखास वापरतात. दुर्गम कोणापासून, ते कोणी सांगत नाही. सकाळी नांगर टाकायचा, संध्याकाळी उचलायचा, मधल्या सहा-सात तासांत बेट बघून संपवायचे. कुठे थांबायचे ते कंपनी ठरवणार आणि बेटावरच्यांनी हसतमुखाने स्वागताला उभे राहायचे, असा एकूण मामला.

बेटांची जहाजांविषयीची आठवण मात्र वेगळी आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेले 'तालून' जहाज सामोआतल्या आपिया बंदरात आले. त्यावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते. तेव्हा तिथला कारभार न्यूझीलंडकडे होता. अधिकाऱ्यांनी प्रवाशांना उतरू दिले. काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसे गेली, म्हणजे पाचांतले एक! शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी येणाऱ्या जहाजांवर कडक विलगीकरण लादले आणि तिथे त्या साथीत एकही माणूस दगावला नाही. समुद्र तोच, दोन्हीकडचे लोकही एकमेकांचे सोयरे. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी माफी मागितली ती २००२ साली.

कोविडमध्ये पिटकर्न बेटाने प्रवाशांना दार बंद केले, ते म्हणूनच मला धाडसाचे वाटते. पन्नासेक माणसांची वस्ती, विमानतळ नाही, मोठे जहाज लागेल असा धक्का नाही. समुद्र खवळला की प्रवाशांना उतरताच येत नाही. मग बेटावरचे लोकच होडीने जहाजावर येतात आणि मध, लाकडाच्या कोरीव वस्तू मांडून विकतात. या विक्रीवर कितीतरी घरांची भिस्त. तरीही मार्च २०२० पासून दोन वर्षे त्यांनी तिच्यावर पाणी सोडले.

'क्रूझमुळेच ही बेटे जगतात' हे मला अर्धेच पटते. पैसा येतो, खरे आहे. पण प्रवाशांचे जेवणखाण, झोपणे सगळे जहाजावर. बेटाच्या वाट्याला उतरण्याचा कर, होडीभाडे आणि चार माळा. तेवढ्यासाठी 'नाही' म्हणायचा हक्क गहाण पडणार असेल तर सौदा महागच.

आपल्याकडचेही बरेच जण आता क्रूझला जातात. खोलीला खिडकी आहे का, हे आवर्जून विचारतात. बेटावर दिवसाला किती जणांना उतरू देतात आणि तो आकडा कोणी ठरवला, हेही विचारायला हरकत नाही. बोरा बोराने तो १,२०० धरला आहे. मोठ्या क्रूझ जहाजावर याच्या दुप्पट-तिप्पट माणसे सहज असतात.