विहारात स्तनदा मातांची बैठक का नको?

वळसंगला गेलो की आपण बाबासाहेबांच्या विहिरीपुढे नतमस्तक होतो. पाणी नाकारलं जात होतं, तेव्हा आपल्या माणसांनी स्वतःची विहीर खोदली आणि ती बाबासाहेबांच्या हातून खुली केली. हक्कासाठी भांडायचं आणि तोवर आपली सोय आपणच उभी करायची, हा त्या विहिरीचा धडा. बाळंतिणींच्या बाबतीत तो आपण विसरलो आहोत.

वस्तीत बाळंतिणीला भेटलं की हमखास ऐकू येतं, "ताई, दूधच पुरत नाही." मग बाटली येते, पाणी घातलेलं दूध येतं, मागोमाग जुलाब. खरं तर बहुतेक वेळा बाळ जितकं ओढतं, तितकं दूध तयार होतं. बाळाला छातीशी नीट कसं धरायचं, हे वर्षभरापूर्वी बाळंत झालेली शेजारीण दहा मिनिटांत दाखवू शकते. आशाताई पहिल्या 42 दिवसांत सहा-सात भेटी देतात, पण एकीकडे साधारण हजार लोकवस्ती असते. आणि अडचण येते रात्री दोन वाजता.

"आईनं पाजलंच पाहिजे" असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. पण सोलापूर भागातली ती आई हजारावर मजुरी घेऊन विड्या वळते. बाळ मांडीवर असेल तेवढा वेळ हात थांबतो, मजुरी बुडते. म्हणजे हा नुसता मायेचा प्रश्न नाही, श्रमाचा आहे. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचं हित पाहिलं आणि तिचा भार सरकारनंही उचलावा, असं मांडलं. रमाई-बाबासाहेबांची चार लेकरं लहानपणीच गेली, हेही विसरू नका.

1966 च्या विडी कामगार कायद्यानं घरखेप कामगारणीलाही प्रसूती लाभ दिला होता. पण रजिस्टरवर नावच नसेल तर ती हक्क सिद्ध कसा करणार? रोजानं खुरपायला जाणारीला तर पगारी रजा ठाऊकच नाही.

म्हणून प्रत्येक विहारात आठवड्यातली एक दुपार मातांची असावी. अनुभवी बाईनं नवीला शिकवावं. जिला पाजणं जमत नाही, तिला कुणी बोल लावू नये. तिला दवाखान्यात सोबत करावी. तिथेच विडी कामगारांची नावनोंदणी आणि पाळणाघराची मागणी लिहिली जावी.

कुणी म्हणेल, विहार ही धम्माची जागा आहे. मान्य. पण मायादेवी गेल्यावर सिद्धार्थाला दूध पाजलं ते महाप्रजापती गौतमीनं. एका बाईनं दुसरीच्या लेकराला दिलेला तो आधार धम्माबाहेरचा कसा?

आणि भावांनो, बैठकीत तुमचं काम नाही, घरात आहे. त्या दुपारी पाणी भरा, चूल सांभाळा, थोरल्या लेकराला घ्या. जयंतीला नाचणारे हात एवढं नक्की करू शकतात.

जय भीम!