चकवा आणि मण्यार

यवतमाळ जिल्ह्यात सागाच्या रानाला लागून असलेल्या गावांत, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, वाट चुकवणाऱ्या चकवा या भुताची गोष्ट ऐकली नाही असा माणूस सापडणं कठीण. भुलनवेलीवर पाय पडला, वाट सुटली आणि गडी रात्रभर एकाच ओढ्याभोवती फिरत राहिला. ही थाप नव्हे. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात सरळ चालायला सांगितलं, तर सूर्य ढगाआड असताना ती नकळत वळत गेली, आपलीच वाट ओलांडून पुढे चालत राहिली. चैत्रात पानं झडलेल्या कांडोळाचं पांढरं खोड चांदण्यात बघावं. त्याला भुताचं झाड का म्हणतात ते लगेच कळतं. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याला तर नावच टिपाई देवीचं आहे. देवाभुतांशिवाय हे रान कल्पता येत नाही, आणि गोष्टी पुसून टाका असं मी कधीच म्हणणार नाही.

पण तेच भूत रानातून घरात येतं आणि आजाराचं कारण ठरतं, तेव्हा माणूस जातो. मण्यार या विषारी सापाचंच बघा. ती रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्याला ती चावते तेव्हा बहुधा फारसं दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, घोट उतरत नाही. साप कोणी पाहिलेला नसतो. काल हा तिन्हीसांजेला रानातून आला, एवढंच घरच्यांना आठवतं. मग लिंबू, अंगारा, उतारा. तोवर विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात.

साप चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं. कायदा चांगलाच आहे. मात्र इथे साप चावलाय हेच कोणाला माहीत नसतं. सगळे मनापासून बाधाच उतरवत असतात. अशा घरावर गुन्हा नोंदवून काय साधणार? त्यापेक्षा ज्याच्याकडे लोक आधी धावतात त्या भगतालाच आरोग्य खात्याने जवळ बसवून सांगावं, की पापण्या मिटू लागलेला माणूस दारात आला तर अंगाऱ्याआधी १०८ ला फोन कर. आपल्याकडचं प्रतिविष मण्यारीवर चालतं. ते घाटंजी, केळापूर, झरी जामणीतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजताही मिळायला हवं, आणि श्वास अडखळला तर मोठ्या रुग्णालयापर्यंत तो चालू ठेवणारं शिकलेलं माणूसही तिथे हवं. पोडावरच्या घरोघरी पावसाळ्याआधी एक खाट आणि अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचायची मच्छरदाणी देणं, हे तर ग्रामपंचायतीलाही जमेल.