विमानतळावरची शिदोरी

अम्मीला घेऊन उमराहला निघालो होतो. मुंबईचं विमानतळ, फजरनंतरची वेळ. सुरक्षा तपासणी आटोपून बसलो, विमानाला अजून दीड तास होता. अम्मीने पिशवीतून डबा काढला. चपात्या, सुका खिमा, उकडलेली अंडी. मांडीवर रुमाल पसरला आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनाही हाक मारली.

मी हळूच म्हणालो, ‘‘अम्मी, यहाँ नको. लोग देख रैं.’’

‘‘देख रैं तो उनकू बी बुला ले,’’ ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. डबा बंद करायला लावला आणि काउंटरवर गेलो. दोन चहा, दोन सँडविच, बिल आठशेच्या पुढे. चिकन हलाल आहे का, हे काउंटरवरच्या मुलाला माहीत नव्हतं, म्हणून काकडी-टोमॅटोचं घेतलं. फ्रिजमधलं गारढोण. अम्मीने अर्धं खाल्लं.

मला त्या आठशे रुपयांपेक्षा माझ्या लाजेचा राग येतो.

मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत ‘तोशा’, मराठीत ‘शिदोरी’. दोन्ही शब्द वाटेसाठी बांधून घेतलेल्या अन्नाचे. सूरह बकरात हजच्या संदर्भातच शिदोरी सोबत घ्यायला सांगितलं आहे आणि सर्वात उत्तम शिदोरी तकवा आहे, असंही. पंढरीचा वारकरीही शिदोरी घेऊनच निघतो. मग अल्लाहच्या घरी निघालेल्या बाईला डबा झाकायला सांगणारा मी कोण?

आपल्यातली शिकलेली माणसं म्हणतील, ‘‘विमानतळाला एक शिस्त असते, वास येतो.’’ बर्गरला वास नसतो का? कागदात गुंडाळून महाग विकलं की तो ब्रँड, आणि रुमालात बांधून आणलं की गावंढळपणा! कचरा करू नये, हे मान्य. पण हात पुसून, रुमाल झटकून उठणाऱ्या बाईने कसली शिस्त मोडली? खरं सांगायचं तर आपल्याला वासाची भीती नसते. आपला डबा बघून लोक आपल्याला ओळखतील, ही भीती असते. आधीच नजरा असतात, त्यात आणखी खिमा कशाला, असं आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो. कुणी काही बोललेलंही नसतं.

आता सरकारला प्रश्न. 2017 मध्ये ‘उडान’ योजनेचं पहिलं विमान शिमल्याहून उडालं, तेव्हा हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असं सांगितलं गेलं. तो बसलाही. पण त्याच्या चहाचं काय? राज्यसभेत राघव चढ्ढा यांनी विमानतळावरच्या दरांचा प्रश्न काढला आणि डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. चहा 10 रुपये, समोसा 20 रुपये. म्हणजे विमानतळावर दहा रुपयांत चहा मिळू शकतो! जिथे तो मिळत नाही, तिथे दुकानाचं जबर भाडं आणि विक्रीतला वाटा शेवटी प्रवाशाच्याच कपात ओतला जातो. प्रत्येक विमानतळावर, तपासणीच्या अलीकडे आणि पलीकडे, असं एक काउंटर सक्तीचं असलं पाहिजे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर उमराहला, हजला निघणाऱ्यांनो, डबा घेऊन निघा. तपासणीत सुकं अन्न अडवत नाहीत. पातळ रस्सा आणि लोणच्याची बरणी तेवढी घरी ठेवा. आणि सोबतच्या मुलांनो, आईने डबा उघडला तर इकडेतिकडे बघू नका. शेजारी बसा आणि खा.