मुरघास आधी गाईला

गेल्या रविवारी संगमनेरहून मामांचा फोन. "अरे, इथं एक जण मक्यापासून गॅस काढायचा प्लँट टाकतोय. पाच एकर करारावर दे म्हणतो. देऊ का? तू तर त्यातलाच डॉक्टर!"

मंडळी, माझ्या पीएचडीचा इतका थेट उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

मी राहतो विस्कॉन्सिनमध्ये. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच 'अमेरिकेची दूधभूमी' असं छापलेलं असतं. सप्टेंबरात जिकडे तिकडे मका कणसासकट कापायचा, कुट्टी करायची, ट्रॅक्टरने दाबायची, वर प्लॅस्टिक आणि त्यावर जुने टायर. आपला मुरघासच, फक्त टेकडीएवढा. पण तो जातो गाईच्या पोटात. गॅस काढतात तो शेणातून. कॅलिफोर्नियाच्या इंधन नियमांत अशा गॅसला घसघशीत क्रेडिट मिळतं, कारण उघड्या खड्ड्यातून हवेत जाणारा मिथेन त्यामुळे अडतो.

टनभर मुरघासातून साधारण 200 घनमीटर बायोगॅस निघतो, टनभर शेणातून 30-40. (सत्त्व गाईने आधीच काढून घेतलेलं असतं ना!) जर्मनी याच हिशेबाला भुलली. 2004 मध्ये ऊर्जापिकांच्या विजेला जादा भाव दिला, शिवारंच्या शिवारं मक्याची झाली, दूधवाल्यांना जमिनीचा खंड परवडेना. शेवटी 2012 च्या कायद्यात नव्या प्लँटमध्ये मका आणि धान्य 60 टक्क्यांच्या वर नको, असं लिहावं लागलं. अमेरिकाही काही सोवळी नाही म्हणा. इथला एक तृतीयांशाहून जास्त मका इथेनॉलला जातो.

पुण्यात डॉ. आनंद कर्व्यांच्या 'आरती' संस्थेने पिष्टमय खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र करून दाखवलं, त्याला 2006 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. ते मला मनापासून पटतं. पण खरकटं वेगळं आणि विहिरीचं पाणी देऊन वाढवलेला चारा वेगळा.

मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण दुधाचा भाव पडला की तुझी गाय चाऱ्याबरोबर मलाही खाते. हा माणूस भाव लिहून देतोय."

यावर माझ्याकडे शोधनिबंध नव्हता. एवढंच म्हणालो, "मामा, भाव ओल्या वजनावर घेऊ नका, कोरड्या भागावर लिहून घ्या. त्यांचं मशीन आठवडाभर उशिरा आलं तर मका वाळून वजन घटेल, नुकसान तुमचं. आणि स्लरी तुमच्या शेतात परत आली पाहिजे. गॅसमध्ये जातो तो कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच राहतं."

"दोन एकर देतो," मामा म्हणाले. "बाकी गोठ्याला."